गेममध्ये जुनं मराठी गाणं घालायचं तर परवानगी कुणाकुणाची लागते?

तुम्ही विचारलंय की, सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेवर मोबाइल गेम करताय, त्यात एका जुन्या मराठी चित्रपटगीताचे वीस सेकंद घालायचेत. शेवटी गायक-संगीतकारांची नावं दिली तर चालेल का?

नाही चालणार. नाव जरूर द्या, पण नाव देणं म्हणजे परवानगी नव्हे. ‘वीस सेकंदांपर्यंत माफ’ असा नियमही आपल्या कॉपीराइट कायद्यात कुठेच नाही. मीही तो खरा मानला होता. जुळे सोलापुरात मित्राच्या खोलीत बसून केलेल्या आमच्या पहिल्या गेममध्ये एका भावगीताचं धृपद होतं. हक्कदारांची तक्रार गेली आणि गेम अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला. चूक आमचीच होती. गाणं काढून गेम परत चढवला तोवर खेळणारे पांगले होते. अजून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन गोष्टी असतात, आणि तिन्हींचे हक्क वेगवेगळे. आपल्या पंढरपूरचंच उदाहरण घ्या. तुकोबांचे अभंग कुणीही वापरावेत. पण त्यांना विसाव्या शतकात कुणी चाल लावली असेल, तर तो हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९६० साली निघालेली रेकॉर्ड २०२१ पासून मोकळी झाली, तरी तिच्यातली चाल मोकळी असेलच असं नाही. मित्राकडून गाऊन घेतलंत तर फक्त ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो.

चित्रासोबत शब्द-चाल वापरायला सिंक लायसन्स आणि मूळ रेकॉर्डिंगसाठी मास्टर लायसन्स लागतं. जुन्या चित्रपटगीतांची ही दोन्ही बहुधा म्युझिक कंपनीकडेच मिळतात. त्यांना मेल करताना गाणं कुठल्या दृश्यात, किती सेकंद, गेम फुकट की विकत, ट्रेलरमध्ये वापरणार का, हे सगळं लिहा. हॉल-हॉटेलात गाणी वाजवायला आयपीआरएस किंवा पीपीएल या हक्कदारांच्या संस्थांचा परवाना घेतात, तो इथे उपयोगाचा नाही.

करार हातात आला की आधी मुदत आणि प्रदेश बघा. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा गेम तर पहिल्या दिवसापासून दुबईतला सोलापूरकरही उतरवून घेईल! मुदतीचा फटका मोठमोठ्यांनाही बसलाय. ‘अ‍ॅलन वेक’ हा गेम गाण्यांचे परवाने संपल्यामुळे २०१७ मध्ये विक्रीतून काढावा लागला, तो २०१८ मध्ये परत आला. ‘जीटीए ४’ मधली कितीतरी गाणी दहा वर्षांनी वगळली गेली.

खरं सांगू का, तुमच्या विषयाला ते चित्रपटगीत नकोच. यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत हलगी कडाडते तेव्हा अंगावर काटा येतो, तो आवाज गेममध्ये आणा. आपल्याच भागातल्या हलगी-सनईवाल्यांना बोलवा, पारंपरिक ठेके वाजवून घ्या. ठेका सगळ्यांचा असला तरी वादनावर वादकाचा हक्क ५० वर्षं असतो, म्हणून कागद इथेही करा: कोणतं वादन, किती पैसे, गेम आणि ट्रेलर दोन्हींत वापर, जगभर, कायमचा. कलाकार कन्नड किंवा तेलुगू बोलणारे असतील तर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, मगच सही घ्या. आणि पैसे त्याच दिवशी हातात द्या, गेम चालो न चालो.

रेकॉर्डिंग मोकळ्या शेतात, पहाटे करा. बंद खोलीत हलगी नुसती घुमते. वाजवण्याआधी ती तापवावी लागते, तेवढा वेळ धरून ठेवा.