प्रतलीय फोड की उतरती मांडणी?

प्रश्न असा : गणितात एखादी संख्या बेरजेत मोडून ते तुकडे आडव्या-उभ्या ओळींत मांडतात, त्या 'प्लेन पार्टिशन'ला मराठीत 'समतल विभाजन' म्हणावं का? आणि संख्येचे मूळ अवयव घेऊन अशी पार्टिशनं मोजतात, तिथेही तोच शब्द चालेल का?

'समतल' नको. तो सपाट या अर्थाचा शब्द. भूमितीतल्या 'प्लेन'ला आपण शाळेपासून 'प्रतल' म्हणतो. खरी अडचण 'विभाजन'ची आहे. विभाज्य, विभाजक ही मंडळी भागाकाराच्या घरातली, आणि पार्टिशन हा तर निव्वळ बेरजेचा व्यवहार : संख्या बेरीज म्हणून लिहायची, क्रमाला महत्त्व नाही. ४ म्हणजे नुसता ४, ३+१, २+२, २+१+१ किंवा १+१+१+१, असे ५ प्रकार. याला मराठीत आयता शब्द आहे : फोड. वर्ग त्रिपदीचे अवयव पाडताना आपण 'मधल्या पदाची फोड' करतो, ५क्ष चे २क्ष + ३क्ष. म्हणजे एकाच उदाहरणात गुणाकाराला 'अवयव पाडणे' आणि बेरजेला 'फोड' हा भेद मराठीने कधीच करून ठेवला आहे. (अर्थात 'ती' फोड. 'तो' फोड आला तर मलम लावावं.)

हीच फोड एका ओळीत न लिहिता वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आडव्या-उभ्या ओळींत लिहिली, कोणत्याही संख्येच्या डावीकडे किंवा वर रिकामी जागा सोडली नाही आणि उजवीकडे किंवा खाली जाताना संख्या कुठेही वाढू दिली नाही, की ती प्रतलीय फोड. समान संख्या शेजारी चालतात. ४ च्या साध्या फोडी ५, प्रतलीय १३.

मूळ अवयवांच्या बाबतीत मात्र मी 'फोड'ही म्हणणार नाही. अवयव आधीच पाडून हातात आलेले असतात. उरते ती याच नियमाने केलेली मांडणी. म्हणून 'मूळ अवयवांच्या उतरत्या मांडण्या'. ३० चे अवयव ५, ३, २. सगळे आडवे, सगळे उभे, किंवा ५ कोपऱ्यात ठेवून उजवीकडे ३ आणि खाली २, नाहीतर त्याच्या उलट : एकूण ४. आता १२ (२² × ३) आणि १८ (२ × ३²) बघा. दोघांचे घातांक २ आणि १ च, तरी १२ च्या मांडण्या ३ आणि १८ च्या ४. १२ मध्ये ३ कोपऱ्यात गेला की उरतात दोन २. त्यांची अदलाबदल केली तरी काही बदलत नाही. १८ मध्ये एक ३ कोपऱ्यात जातो, मागे ३ आणि २ राहतात, आणि त्यांची अदलाबदल दिसते. मला तरी या विषयातली ही सगळ्यात गोड गोष्ट वाटते.

'फोड' शब्द इथे राखून ठेवायला आणखी एक कारण आहे. ८ चे अवयव २, २, २. सगळे सारखेच, त्यामुळे फरक पडतो तो फक्त कोणत्या ओळीत किती बसले याचा : ३, २+१ किंवा १+१+१. म्हणजे ८ च्या मांडण्या मोजताना आपण मोजतो त्याच्या घातांकाच्या, ३ च्या, फोडी. तसंच १६ च्या मांडण्या ५, कारण ४ च्या फोडी ५. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे वाक्य धड लिहिताच येणार नाही.