चिकटपट्टी लावलेली फूटपट्टी

ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात त्याचा गणिताच्या चाचणीचा पेपर उशीच्या अभ्र्यात लपवलेला सापडला. विचारलं तर म्हणाला, "बाईंनी पेपर अजून दिलेच नाहीत." माझा तोल गेला. समोर लाकडी फूटपट्टी पडली होती, तिनेच मारलं. तिसऱ्या फटक्याला पट्टी मोडली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याने ती चिकटपट्टी लावून जोडली होती आणि माझ्या टेबलाच्या खणात, जिथली तिथे ठेवली होती. तेव्हापासून मला झोप नाही. नवरा म्हणतो, "आम्ही काय कमी मार खाल्ला? बिघडलो का?" सासूबाई म्हणतात, धाक नसला की मुलं डोक्यावर बसतात. मी त्याची माफी मागू का? मागितली तर उद्या तो मला जुमानेल का? आणि त्या पट्टीचं काय करू?
– एक आई

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या खणापाशी अडकले. पट्टी त्याने का जोडली असेल? वस्तू मोडली म्हणून आणखी ओरडा बसेल या भीतीने? की आईची वस्तू होती, आईला लागेल, म्हणून? मला वाटतं त्याला स्वतःलाही ते सांगता येणार नाही. पण ज्या वस्तूने मार बसला तीच दुरुस्त करून परत ठेवणारं मूल उद्धट नाही, कोडगं झालेलं नाही. ते तुमच्याकडेच बघतंय. तुम्हाला झोप लागत नाही, कारण हे तुम्हालाही कळलंय.

तेव्हा आधी उत्तर देते, कारणं मागून. माफी मागा. आजच मागा. जवळ बसून म्हणा, "मी तुला मारलं, ते चुकलं माझं. पुन्हा मारणार नाही." एवढंच. त्यापुढे "पण तूही खोटं बोललास ना" हे वाक्य येऊ देऊ नका. तो "पण" आला की मूल त्याच्या आधीचं सगळं विसरतं. खोटं बोलण्याबद्दल बोलायचंच आहे, पण ते दुसऱ्या दिवशी, स्वतंत्रपणे. आणि जुमानण्याचं म्हणाल, तर चूक कबूल करूनही माणूस मोठाच राहतो, हे त्याला दाखवायला तुमच्याइतकं जवळचं कोण आहे? पेपर लपवणाऱ्या मुलाला नेमकं हेच शिकायचं आहे.

आता त्या पेपरकडे बघू. तो मार बसल्यानंतर लपवलेला नव्हता, आधीच लपवला होता. म्हणजे मार्क कमी पडले की घरात काय होतं, याचा अंदाज त्याला होता. यापूर्वी कधीतरी धपाटा बसला असेल, निदान जोरात ओरडा तरी. माझा अंदाज चुकत असेल तर सोडून द्या. पण बरोबर असेल तर लक्षात घ्या, मागच्या वेळच्या धाकाने तो गणित शिकला नाही, उशीचा अभ्रा उघडून आत कागद सरकवायला शिकला. पट्टीच्या तीन फटक्यांनंतर तो याहून चांगली जागा शोधेल.

मार उपयोगी पडतो असं वाटतं, कारण त्या क्षणी मूल गप्प होतं. मग खरंच काय होतं? जॉर्ज होल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३३ कुटुंबांतल्या आयांना संध्याकाळी आवाज टिपणारं यंत्र लावायला दिलं होतं. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. मारण्याची कारणं बहुतेक किरकोळ होती. कुरबूर सुरू झाल्यापासून हात उठेपर्यंत सरासरी ३० सेकंद गेले होते. आणि ७३ टक्के वेळा मूल १० मिनिटांच्या आत पुन्हा दंगा करू लागलं होतं. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येणार नाही. पण ते ३० सेकंद मला फार ओळखीचे वाटतात. तुम्हालाही वाटतील.

मोठा अभ्यासही आहे. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास एकत्र तपासले. मुलं होती सुमारे १ लाख ६० हजार आणि विषय होता नुसत्या हाताने दिलेल्या चापट्यांचा, बेदम मारहाणीचा नव्हे. अशा मुलांमध्ये आक्रमकपणा, मनाचे त्रास, आईवडिलांशी बिघडलेलं नातं हे जास्त आढळलं. फायदा म्हणावा असं काही हाती लागलं नाही. प्रत्येक परिणाम तसा छोटा आहे, आणि मुळात हट्टी मुलांनाच जास्त मार बसत असेल, ही शंकाही रास्त आहे. रॉबर्ट लार्झेलेर यांच्यासारखे संशोधक ती घेतातच. पण ते तरी कशाची बाजू घेतात? दोन ते सहा वर्षांचं मूल, बाकी सगळे उपाय थकल्यावर, रागाच्या भरात नव्हे, उघड्या हाताने दोन हलक्या चापट्या. आठ वर्षांच्या मुलाला लाकडी पट्टीने मारण्याची बाजू या वादात दोन्हीकडचं कोणीच घेत नाही. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. "एवढं तेवढं चालतं" असं घरात कोणी म्हणेल तेव्हा तुमच्यापाशी हे असावं, म्हणून लिहिलं.

आता तुमच्या यजमानांचं. "मार खाऊन बिघडलो नाही" हे खरंच असेल. पण मारामुळे घडलो, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी खस्ता खाल्ल्या असतील, रात्री पुस्तक घेऊन शेजारी बसलं असेल. श्रेय त्याला द्या. वाद घालू नका, एकदा निवांतपणे विचारा, एखादा मार आठवतो का, आणि तो कशासाठी होता. मी माझ्या मुलीला हे विचारलं होतं, ती तिशीत असताना. ती सहा वर्षांची असताना मी तिला थोबाडीत मारली होती. तिला कारण आठवत नव्हतं. दारात पाहुणे उभे होते आणि त्यातल्या एका काकूंनी नजर वळवली, एवढंच आठवत होतं. मला मात्र कारण पाठ होतं, आणि इतकी वर्षं मी समजत होते की तिला त्यातून काही शिकवलं.

सासूबाईंचा धाकाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. मुलाला मर्यादा लागते, नाही म्हणणारं माणूस लागतं. फक्त मार म्हणजे शिस्त नव्हे. स्वीडनने १९७९ मध्ये जगात पहिल्यांदा घरातल्या मारावरही कायद्याने बंदी आणली, तेव्हा त्या कलमात आईबापांसाठी शिक्षाच ठेवली नव्हती. उद्देश त्यांना तुरुंगात घालण्याचा नव्हता. दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे सकाळच्या टेबलावर मुलं आणि मोठे ती एकत्र वाचतील. तुमच्या घरातही असंच करा. कोणालाही दोषी न ठरवता एक नियम सगळ्यांनी मिळून ठरवा: या घरात कोणी कोणावर हात उचलणार नाही.

आणि राग येणारच. तेव्हा तोंडाने बोला, "मला आत्ता खूप राग आलाय, मी जरा बाहेर जाते," आणि खोलीबाहेर जा. मूल सुरक्षित असेल तर पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. राग तुम्हाला वारंवार आवरत नसेल, मुलाच्या अंगावर वळ उठत असतील, तर समुपदेशकाकडे जायला एक दिवसही लावू नका.

खोटं बोलल्याबद्दल मात्र बोला. "पेपर लपवलास, त्याचं मला वाईट वाटलं. यापुढे पेपर मिळाला की त्याच दिवशी दाखवायचा, कितीही मार्क असोत." मग तो पेपर दोघांनी पुढ्यात घ्या. मार्कांचा आकडा हाताने झाका आणि एकेक गणित बघा. हातचा राहिलाय, की उदाहरणच समजलं नव्हतं? कदाचित दोनच गोष्टी अडलेल्या निघतील. यापुढे मार्क कमी असलेला कागद तो स्वतः घेऊन आला, तर आधी आणल्याबद्दल शाबासकी द्या. मनातून धस्स झालं तरी द्या.

राहिली पट्टी. ती गुपचूप टाकून देऊ नका. त्याने जोडली आहे, तेव्हा ती आता त्याचीही आहे. माफी मागून झाली की खणातून काढून त्याच्या हातात द्या आणि हिचं काय करायचं ते त्यालाच विचारा. तो म्हणाला टाकून देऊ, तर दोघं मिळून टाका. म्हणाला की राहू दे, वहीचे समास आखायला लागते, तर त्याच्या दप्तरात राहू द्या.