फोन लाव

प्रिय पोरी,

तू पाठवलेले सगळे स्क्रीनशॉट वाचले. ‘ठीक आहे’च्या पुढे पूर्णविराम दिलाय म्हणजे तो चिडलाय का, असं विचारतेस. मला माहीत नाही. तुलाही नाही, आणि रात्रभर त्या दोन शब्दांचा कीस पाडणाऱ्या तुझ्या मैत्रिणींनाही नाही. माहीत असलेला माणूस एकच. त्याला फोन लाव.

तंत्रज्ञानाच्या नावाने मी खडे फोडत नाही. फोनही तंत्रज्ञानच. पण मनाला लागलेलं, नातं तुटेल असं काही असलं, की ते टाइप करायचं नाही. बोलायचं.

बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात. 2009 साली दहा भाषांमधली संभाषणं तपासली, तेव्हा भाषेगणिक थोडा फरक सोडला तर सगळीकडे असंच दिसलं. ही लय आपल्यात इतकी मुरलेली असते की समोरचा क्षणभर अडखळला तरी कानाला कळतं. चॅटवर तो तासभर गप्प असला तर काय कळतं? व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका 2014 साली आल्या. त्याने वाचलं एवढं त्या सांगतात. उत्तर का दिलं नाही, ते तू तुझ्या भीतीतून रचत बसतेस.

2012 सालचा विस्कॉन्सिन विद्यापीठाचा एक प्रयोग मी सगळ्यांना सांगत असतो. लहान मुलींना ताण येईल अशी तोंडी परीक्षा घेतली, मग आईशी संपर्क करून दिला. ज्या आईला भेटल्या किंवा फोनवर बोलल्या, त्यांच्या शरीरात जवळीक वाटायला लावणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढलं, ताणाचं कॉर्टिसॉल उतरलं. ज्यांना फक्त मेसेज मिळाले त्यांच्यात तसं झालं नाही. आई तीच होती गं!

आणि तो चॅटबॉटकडून लिहून घेतलेला माफीनामा! नेटका आहे, पण त्यात तुझं एकही वाक्य नाही. पाठवू नकोस.

मी हट्टी आहे असं म्हणतात. म्हणोत. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना बोलणं जड जातं, त्यांना लिहिलेल्या शब्दाचाच आधार असतो, हे मला कळतं. तू त्यांच्यातली नाहीस, तू तासन्‌तास बोलू शकतेस. माझी एक जुनी मैत्री मेसेजवरच्या वादात संपली. त्याने फोन लावला नाही, मीही नाही. बोललो असतो तर टिकली असती का, कोण जाणे. पण तेव्हापासून मी आधी न विचारता सरळ फोन करतो, आणि करत राहणार.

अवघडल्यासारखं होईल, म्हणतेस. होऊ दे. ‘मला तुझ्याशी भांडायचं नाहीये, ऐकायचंय’ एवढं म्हण आणि थांब. नाहीच उचलला तर लांबलचक मेसेज लिहू नकोस. ‘बोलायचंय, कधी फोन करू?’ एवढंच पाठव.

तुझा,
काका