विंडोजवर गो या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवर तसाच चालतो का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पायथॉन जुजबी येतं, लॅपटॉप विंडोजचा आहे, प्रोग्रॅम चालवायचाय लिनक्स सर्व्हरवर आणि दोन-तीन सहकाऱ्यांच्या विंडोजवरही. ‘गो एकदा लिहिलं की सगळीकडे चालतं’ हे खरं का, हा प्रश्न. अर्धं खरं आहे. सोर्स कोड एकच राहतो, पण चालवायची फाइल प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळी बनवावी लागते. फायदा असा की समोरच्या मशीनवर गो बसवायची गरज नाही. एक फाइल नेऊन ठेवली की झालं.

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत करा.

गो डॉट डेव्हवरून विंडोजचा इन्स्टॉलर घ्या आणि बसवा. आधीपासून उघडी असलेली टर्मिनल बंद करून नवी उघडा, कारण जुनीला बदललेला पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) दिसत नाही. ‘गो व्हर्जन’ला उत्तर आलं की पुढे चला. एक रिकामा फोल्डर करा, त्यात जाऊन ‘गो मॉड इनिट हिशोब’ चालवा (हिशोब हे प्रोजेक्टचं नाव, तुमचं काहीही द्या), मेन डॉट गो ही फाइल लिहा आणि ‘गो रन’पुढे जागा सोडून टिंब देऊन चालवा. टिंबाऐवजी फाइलचं नाव दिलं तर तेवढीच एक फाइल कंपाइल होते. उद्या दुसऱ्या फाइलमध्ये फंक्शन लिहिलंत की ‘अनडिफाइन्ड’ म्हणून ओरडेल आणि तुम्ही उगाच स्पेलिंग तपासत बसाल.

नेटवरचे जुने धडे ‘सगळं गोपाथच्या (गोच्या एका ठरलेल्या फोल्डरच्या) सोर्स फोल्डरमध्येच ठेवा’ असं सांगतात. ते सोडून द्या. १.१६ पासून, म्हणजे २०२१ पासून, मॉड्यूल, म्हणजे वर ‘गो मॉड इनिट’ने केलं तसं, हीच मूळ पद्धत आहे.

पायथॉनवरून येणाऱ्याला पहिले दोन दिवस कंपायलर खाष्ट वाटतो. फंक्शनमध्ये व्हेरिएबल जाहीर करून वापरलं नाही, किंवा पॅकेज इम्पोर्ट करून हात लावला नाही, तर ती ताकीद नसते, थेट एरर असते. महिरपी कंसही फंक्शनच्या ओळीवरच उघडावा लागतो, कारण ओळ संपली की गो स्वतःच तिथे अर्धविराम टाकतं. बाकी मांडणीची काळजी सोडा, एडिटरमध्ये सेव्ह करताना ‘गोफम्ट’ (कोडची मांडणी नीट करणारं साधन) चालेल असं लावून घ्या.

मराठी मजकूर हाताळणार असाल तर हे आधीच बघून ठेवा. ‘नमस्कार’ या स्ट्रिंगची लांबी ‘लेन’ने विचारली तर उत्तर येतं २१. आपल्या डोळ्यांना अक्षरं चारच दिसतात: न, म, स्का, र. गो बाइट मोजतं. हलन्त आणि काना धरून युनिकोडची सात चिन्हं होतात, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. रून (गोमध्ये युनिकोडच्या एका चिन्हाला म्हणतात) मोजलेत तर ७ येईल, चार तरीही नाहीच. त्यामुळे ‘पहिले दहा बाइट कापून घे’ असला कोड मराठीत मधेच अक्षर फोडतो. व्हेरिएबलची नावंही रोमनमध्येच ठेवा. ‘घर’ हे नाव चालतं, ‘नाव’ हे नाव चालत नाही, कारण काना हे गोच्या लेखी अक्षर नव्हे. शिवाय पॅकेजबाहेर दिसायचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि देवनागरीत कॅपिटल आणायचं कुठून?

आता मूळ मुद्दा. लिनक्सची फाइल विंडोजवर बसूनच बनते. गो-ओएस आणि गो-आर्च असे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेत (सलग, रोमन कॅपिटलमध्ये). पहिल्याला लिनक्स, दुसऱ्याला एएमडी६४ द्या आणि ‘गो बिल्ड’ चालवा. सर्व्हरचा प्रोसेसर एआरएम प्रकारचा असेल तर एआरएम६४. शंका असेल तर सर्व्हरवर ‘यूनेम -एम’ विचारा. जुन्या काळ्या कमांड खिडकीत व्हॅल्यू देणारी ‘सेट’ची ओळ आणि बिल्ड मध्ये दोन अँपरसँड टाकून एकाच ओळीत लिहू नका: लिनक्सनंतरची मोकळी जागाही व्हॅल्यूत शिरते आणि ‘अनसपोर्टेड’ अशी एरर येते. दुसरी खोच या खिडकीत आणि पॉवरशेलमध्ये सारखीच आहे, व्हॅल्यू खिडकी बंद होईपर्यंत टिकते. मग तासाभराने ‘गो रन’ केलंत की ‘वैध विन्३२ ॲप्लिकेशन नाही’ असं ऐकू येतं. लिनक्स बिल्डसाठी स्वतंत्र खिडकी ठेवणं मला सगळ्यात सोपं वाटतं. सर्व्हरवर फाइल नेल्यावर ‘सीएचमॉड +एक्स’ (फाइल चालवायची परवानगी) विसरू नका.

एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) वापरणार असाल तर लायब्ररी निवडताना बघा. सी भाषेतला कोड आत असलेली लायब्ररी, दुसऱ्या सिस्टिमसाठी बिल्ड करताना सीगो (सीचा कोड गोला जोडणारी सोय) आपोआप बंद होत असल्याने, बिल्ड होऊनही चालताना कोलमडू शकते. निव्वळ गोमध्ये लिहिलेली निवडा.

सहकाऱ्यांच्या विंडोजवर हमखास अडकणारी जागा म्हणजे टाइम झोन. ‘एशिया/कोलकाता’ लोड करणारा कोड तुमच्याकडे चालतो आणि त्यांच्याकडे ‘अननोन टाइम झोन’ म्हणतो. गोला लागणारी झोनची यादी विंडोजमध्ये नसते. तुमच्याकडे ती गोच्या इन्स्टॉलेशनमधून मिळते, त्यांच्याकडे गोच नाही. ‘टाइम/टीझेडडेटा’ हे पॅकेज अंडरस्कोर लावून इम्पोर्ट करा म्हणजे यादी फाइलच्या आतच जाते. फाइल साडेचारशे केबीच्या आसपास फुगते, तेवढं चालवून घ्या.