नीटचा तिसरा प्रयत्न आणि अंबाडीचा वाख

उदगीर तालुक्यातून एका वडिलांनी लिहिलंय. मुलीला नीटच्या दोन्ही प्रयत्नांत सरकारी मेडिकल मिळण्याइतके गुण पडले नाहीत. आता लातूरला तिसऱ्यांदा क्लास लावायचाय. ती मात्र घरी मक्याच्या स्टार्चमध्ये अंबाडीचा वाख, म्हणजे खोडाच्या सालीचा धागा, घालून प्लास्टिकसारखे तक्ते थापत बसते. ‘हा नाद कसा सोडवावा?’ असा प्रश्न आहे.

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. विकलेलं दीड एकर, हॉस्टेलचा खर्च, भावकीचे टोमणे, सगळं त्यात आहे. पोरीला काय वाटतं, त्याची एक ओळ नाही. उलट ‘तुझ्यापायी रान गेलं, हे रोज सांगतो, म्हणजे जाणीव राहते’ असं तुम्ही लिहिलंय. हे आजपासून बंद करा. रान विकायचं तुम्ही ठरवलंत, तिनं नाही. रोज हे ऐकणारं लेकरू पुस्तक उघडून बसतं, पण वाचत नाही. ती नीट जेवते का, झोपते का, हे आधी बघा. तिसरा प्रयत्न माझ्या मते नकोच.

‘पावसाळ्यात तक्ता मऊ पडला, तरी ऐकेना,’ असं तुम्ही वैतागून लिहिलंय. मला त्या ओळीचा आनंद झाला. स्टार्च आणि वाख, दोन्ही पाणी ओढतात. वाख कॉस्टिक सोड्यात धुऊन घ्यायचा, स्टार्चऐवजी पीएलए हे वनस्पतीपासूनचं प्लास्टिक वापरायचं, ही खटपट संशोधक करतात ती बऱ्याच अंशी याच अडचणीपायी. तुमची पोर स्वयंपाकघरात तिथवर पोचली.

एक गैरसमज मात्र तिचाही काढायला हवा. वनस्पतीपासून बनलेलं प्लास्टिक रानात टाकलं की कुजतं, असं ती म्हणते. तसं नाही. उसाच्या इथेनॉलपासूनही पॉलिथिन बनतं, आणि ते नेहमीच्या पॉलिथिनसारखंच कुजत नाही. पीएलए कुजतं, पण त्याला साधारण ६० अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. बांधावर ते वर्षानुवर्षं तसंच राहील. कुजणं रेणूच्या रचनेवर ठरतं, तो उसातून आला की खनिज तेलातून यावर नाही. म्हणून तिचा हा नाद म्हणजे पत्रावळ्या थापण्यासारखा जोडधंदा नव्हे, हे पॉलिमरचं रसायनशास्त्र आहे.

अकरावी-बारावीला तिचं गणित होतं का, हे तुम्ही कळवलेलं नाही. असेल तर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन; जालन्याला आयसीटीचा, म्हणजे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, कॅम्पस आहे. नसेल तर रसायनशास्त्रात बीएस्सी, पुढे पॉलिमरमध्ये एमएस्सी. दरम्यान संभाजीनगरच्या सिपेटमध्ये, म्हणजे प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या केंद्र सरकारी संस्थेत, तिला एकदा घेऊन जा.

गणित होतं का, याचं उत्तर तिलाच लिहू द्या. सोबत त्या मऊ पडलेल्या तक्त्याचा एक तुकडा पाठवा.