वाड्यात पहिल्यांदा राहताय? मग एवढं वाचून जा

नाशिकजवळ, चांदोरीकडच्या जुन्या वाड्यात दोन रात्री राहायचं म्हणताय, छान! पहिल्या वेळेला तीनच गोष्टी सांभाळा.

एक, डोकं. दारं बुटकी, उंबरठे उंच. मी पहिल्याच रात्री माजघराच्या चौकटीवर असं आपटलो, की सकाळी पोहे खाताना टेंगूळ चाचपत होतो. जिना भिंतीतच, अरुंद आणि उभा असतो. उतरताना हातात बॅग नको, बॅटरी हवी.

दोन, थंडी. निफाड तालुका आहे हा. डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली जातो. वाड्याच्या मधल्या उघड्या चौकामुळे पहाटे गारठा थेट आत. बुकिंग करतानाच विचारा: न्हाणीघर खोलीला लागून आहे की चौक ओलांडून? नवखे लोक एसीची चौकशी करतात, ही नाही करत!

तीन, भिंती. मातीच्या गिलाव्याला खिळा, चिकटपट्टी काही लावू नका आणि ओले टॉवेल कोरीव खांबांवर टाकू नका. दोऱ्या असतात, मागा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे एका दिवसात सिन्नरचं गोंदेश्वर, त्र्यंबक, सगळं उरकणं. मग वाड्यात फक्त झोपायला येतात. त्यापेक्षा सकाळी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघा, राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ती. दुपारी ओसरीवर पडून राहा. पाणी ओसरलेलं असेल तर संध्याकाळी गोदापात्रातली देवळं.

कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं छत), जोती (दगडी चौथरे) वगैरे पुढच्या खेपेला बोलू. आणि हो, जेवणाचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा.