स्नायडर आडनावाचे अमेरिकेतले पूर्वज १८५० च्या आधी कसे शोधायचे?
नवऱ्याचं घराणं पेनसिल्व्हेनियाचं आणि १८५० च्या मागे काहीच सापडत नाही म्हणताय, तर त्यात तुमची चूक नाही. १७९० ते १८४० च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बाकी घरातले नुसते आकडे, सगळ्यांची नावं (तीही गुलाम सोडून) १८५० पासून, त्यामुळे त्याआधीचं मृत्युपत्रं, जमिनीची खरेदीखतं, टॅक्सच्या याद्या आणि चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरं यातच शोधावं लागतं. आणि स्पेलिंगला चिकटून बसू नका हो! तिकडचा स्नायडर बहुतेकदा मूळचा जर्मन श्नायडर, म्हणजे आपला शिंपी. फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मन पुरुषांच्या १७२७ पासूनच्या शपथेच्या (ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ) याद्या आहेत, त्या बघाच. फॅमिलीसर्च ही जुन्या नोंदी शोधायची वेबसाइट फुकट आहे, फक्त तिथल्या लोकांनी जोडलेल्या वंशावळी डोळे मिटून कॉपी करू नका.